फितीच्या पोटातला आवाज

नगर जिल्ह्यात आज पन्नाशी-साठीत असलेल्या बहुतेक जोडप्यांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरात कुठेतरी असते. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, माळ्यावरच्या पेटीत, नाहीतर देवघराखालच्या फडताळात. कॅसेट आहे, पण ती चालवायचं मशीन घरात उरलेलं नाही. मी नगर शहरात ऐंशीच्या दशकापासून टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्त करत आलो. आता दुरुस्तीचं काम थोडं आणि जुन्या कॅसेटी उतरवून देण्याचं काम जास्त. शेवगाव, पाथर्डी, राहुरी, अकोले, कुठून कुठून लोक पिशवीत कॅसेटी घालून येतात आणि म्हणतात, "काका, पेनड्राइव्हमध्ये करून द्या." चित्र कसं येईल, रंग उडालेत का, हे सगळे विचारतात. आवाज कसा येईल, हे फार थोडे विचारतात.

मला मात्र आवाजाची काळजी जास्त वाटते. माणसाचा चेहरा फोटोत सापडतो. लग्नात, बारशात, शाळेच्या संमेलनात कोणी ना कोणी फोटो काढलेला असतोच. आवाज मात्र बऱ्याच घरांत त्या एका फितीवरच असतो. गेलेल्या आजोबांनी व्याह्यांना हाक कशी मारली, आत्याने मंगलाष्टक कोणत्या चालीत म्हटलं, मामा किती मोठ्याने हसायचे, हे दुसरीकडे कुठे मिळणार नाही. आणि याच आवाजाबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे: काही व्हिडिओ कॅसेटींवर एक सोडून दोन आवाज असतात. एक साधा, घुसमटलेला. दुसरा स्वच्छ, खोल, डाव्या-उजव्या बाजूंसह. दुसरा आवाज ऐकायला वेगळं मशीन लागतं, आणि ते नसेल तर तो आवाज आहे हेसुद्धा कळत नाही.

काठावरचा आवाज

व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. त्याआधी वर्षभर सोनीची बीटामॅक्स आली होती. आपल्याकडे घराघरांत पोहोचली ती व्हीएचएसच. तिची फीत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंद. मशीनच्या आत ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम असतो. तो जरा कललेला असतो आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत मिनिटाला १,५०० फेरे घेतो. चित्र लिहिणारी आणि वाचणारी हेडं या ड्रमवर बसवलेली असतात. फीत ड्रमला वळसा घालून हळूहळू पुढे सरकते आणि हेडं तिच्यावर तिरक्या रेघा ओढत जातात. एका रेघेत चित्राचं एक फील्ड, म्हणजे निम्मं चित्र. सेकंदाला अशा पन्नास रेघा.

आवाजाची सोय मात्र सुरुवातीला अगदी साधी होती. फितीच्या वरच्या काठावर सुमारे एक मिलिमीटरची पट्टी राखून ठेवलेली आणि तिच्यासमोर एक स्थिर हेड. आम्ही याला लिनियर किंवा नॉर्मल ऑडिओ म्हणतो. गाण्याच्या कॅसेटमध्ये असतं तसंच हे तंत्र. फरक वेगाचा. गाण्याच्या कॅसेटची फीत सेकंदाला ४७.६ मिलिमीटर सरकते. पाल व्हीएचएसची फीत सेकंदाला फक्त २३.४ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. लाँग प्लेवर टाकलं तर तोही वेग अर्धा होतो.

फितीवरच्या आवाजाचा दर्जा बराचसा या वेगावर ठरतो. वेग जितका कमी, तितक्या बारीक जागेत आवाजाच्या लाटा दाटून लिहाव्या लागतात. फार बारीक लाटा हेडला वाचता येत नाहीत, म्हणून वरचे तीव्र स्वर गळतात. माणसाचा कान तरुणपणी २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. लिनियर ट्रॅक साधारण १०,००० हर्ट्झच्या आसपास दम सोडतो. टाळांच्या किणकिणीचा, बांगड्यांच्या आवाजाचा बराचसा भाग त्या वरच्या पट्ट्यात असतो. त्यात फितीची स्वतःची सरसर मिसळते. शिवाय फीत ओढणारा कॅपस्टन आणि पिंच रोलर जरासे झिजले की वेग किंचित हलतो आणि सनईचा लांब सूर थरथरायला लागतो.

आणखी एक गोष्ट. बहुतेक घरगुती मशीन आवाजाची पातळी आपोआप सांभाळायची. बँड वाजायला लागला की मशीन आवाज दाबायचं, आणि बँड थांबला की शांततेला ओढून वर आणायचं. म्हणून जुन्या लग्नाच्या कॅसेटीत भटजी श्वास घ्यायला थांबले की एकदम सरसर वाढलेली ऐकू येते. ती फितीची खराबी नाही, मशीनची सवय आहे.

खोल पेरलेला आवाज

१९८३ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी यावर तोड काढली. स्थिर हेडाऐवजी आवाजही त्या फिरत्या ड्रमवरून लिहायचा. ड्रम इतक्या जोरात फिरतो की पाल व्हीएचएसमध्ये हेड आणि फीत यांच्यातला वेग सेकंदाला सुमारे ४.८७ मीटर पडतो. काठावरच्या आवाजाला मिळणाऱ्या वेगाच्या दोनशे पटींहून जास्त. सोनीने अमेरिका-जपानमधल्या आपल्या बीटा मशीनवर चित्राच्या सिग्नलमध्येच मोकळी जागा करून आवाज बसवला आणि त्याला बीटा हायफाय म्हटलं. व्हीएचएसच्या सिग्नलमध्ये तेवढी मोकळी जागा नव्हती. तिथे ज्या इंजिनिअरांनी डोकं लावलं, त्यांचं मला आजही कौतुक वाटतं.

त्यांनी फितीच्या जाडीचा उपयोग केला. फितीवरचा चुंबकीय थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो. पण लांब लाट त्या थरात खोल शिरते आणि आखूड लाट वरच्यावर राहते. म्हणून त्यांनी ड्रमवर आवाजासाठी दोन वेगळी हेडं बसवली. पाल मशीनमध्ये डाव्या बाजूच्या आवाजासाठी १.४ आणि उजव्या बाजूसाठी १.८ मेगाहर्ट्झची वाहक लहर ठरवली. चित्राची मुख्य लहर ३.८ मेगाहर्ट्झच्या पुढे चालते. हिशोब केला तर फितीवर आवाजाची लाट साधारण तीन-साडेतीन मायक्रॉन लांब पडते आणि चित्राची जेमतेम एक मायक्रॉन. आधी आवाजाचं हेड जातं आणि थरात खोलवर लिहितं. लगेच मागून चित्राचं हेड येतं आणि वरचा पापुद्रा पुसून त्यावर चित्र लिहितं. खालचा आवाज शाबूत राहतो.

शेतकऱ्याला हे सांगायला मला एकच दाखला पुरतो. पाभरीने बी खोल पडलेलं असलं, तर वरून हलका कुळव फिरवला तरी फक्त वरची माती हलते, बी जागेवर राहतं. फितीतही आवाज खाली आणि चित्र वर, एकाच रानात दोन्ही नांदतात.

दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आणखी एक काळजी घेतली. हेडाच्या तोंडाशी जी बारीक फट असते, तिचा कोन वेगळा ठेवला. चित्राच्या हेडांचा कोन सहा अंश, एकाचा डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे. आवाजाच्या हेडांचा तीस अंश. वेगळ्या कोनात लिहिलेलं हेडाला जवळजवळ वाचताच येत नाही, त्यामुळे आवाजाचं हेड चित्राकडे लक्ष देत नाही आणि चित्राचं हेड आवाजाकडे.

शिवाय व्हीएचएस हायफाय म्हणून ओळखला जाणारा हा आवाज एफएम पद्धतीने लिहिलेला असतो. नगर आकाशवाणी एफएमवर ऐकताना मध्यम लहरींसारखी खरखर का येत नाही, त्याचं जे कारण, तेच इथे. माहिती लहरीच्या जोरात नसते, तिच्या कमी-जास्त होणाऱ्या कंपनसंख्येत असते. म्हणून फितीची सरसर तिला फारशी लागत नाही. लिनियर ट्रॅकवर सर्वांत मोठा आवाज आणि सरसर यांच्यातलं अंतर चाळीस डेसिबलच्या आसपास, म्हणजे सिग्नल सरसरीच्या शंभर पट. हायफायमध्ये ते ऐंशी डेसिबलच्या वर जातं, म्हणजे दहा हजार पट. स्वरांची मर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ. सूर थरथरत नाही. डावी-उजवी बाजू स्वच्छ वेगळी. सीडी नुकतीच आली होती त्या काळात, साध्या चुंबकीय फितीवर, घरातल्या मशीनमध्ये हे शक्य झालं होतं. सामान्य माणसाच्या घरात आलेलं आवाज टिपण्याचं इतकं चांगलं साधन त्याआधी नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि जुनं मशीन अडू नये म्हणून काठावरचा लिनियर ट्रॅकही तसाच ठेवला. हायफाय मशीन रेकॉर्डिंग करताना दोन्ही आवाज लिहितं. साध्या मशीनमध्ये घातली की कॅसेट काठावरचा आवाज देते, हायफाय मशीनमध्ये घातली की पोटातला.

नगरला हा आवाज का ऐकू आला नाही

१९८२ च्या एशियाडबरोबर दूरदर्शन रंगीत झालं आणि पाठोपाठ व्हीसीआरची लाट आली. परदेशी मशीन येत होतीच, पुढे आपल्याकडेही बनू लागली. पुणे-नगर रस्त्यावरच्या कोरेगाव भीमाला कल्याणी शार्पचा कारखाना होता, आणि पलीकडे पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा. पण घरात मशीन घेणं सगळ्यांना परवडत नव्हतं. गणपतीत, यात्रेला, बारशाला मशीन आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचा, वर्गणी काढायची आणि रात्रभरात तीन सिनेमे बघायचे, ही गावोगावची पद्धत. भाड्याने जायची ती बहुतेक साधी मशीन किंवा नुसते व्हीसीपी, ज्यांना रेकॉर्डिंगसुद्धा येत नव्हतं. दोन हेडांची, एकाच आवाजाची.

ज्यांच्याकडे हायफाय मशीन होतं, त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी त्याचा खरा आवाज ऐकला नाही. कारण मशीन टीव्हीला जोडलं जायचं ते अँटेनाच्या वायरीतून. मशीन आपला सिग्नल एका चॅनेलवर सोडायचं आणि टीव्ही तो चॅनेल लावून पकडायचा. या वाटेने आपल्याकडच्या मशीनमधून एकच आवाज जायचा. टीव्हीला स्पीकरही एकच, तोही बाजूला नाहीतर मागे. मशीनच्या पाठीवर लाल आणि पांढरी अशी दोन आवाजाची भोकं असत. तिथून वायर काढून टेपच्या अँप्लिफायरला जोडली तरच स्टिरिओ ऐकू यायचा. दूरदर्शनचा आवाजही त्या काळी एकमार्गीच होता, त्यामुळे टीव्हीवरून रेकॉर्ड करणाऱ्याला दोन बाजूंची गरज भासली नाही. परदेशातून सिनेमाच्या अस्सल कॅसेटी आणणारे मोजके लोक सोडले तर हायफाय हे मशीनच्या दारावरचं एक सोनेरी अक्षर होऊन राहिलं.

ज्यांनी वायर जोडली, त्यांना फरक कळला. आमच्या भागातल्या काही कीर्तनप्रेमी मंडळींना तो लवकर कळला होता.

सप्ताहातलं कीर्तन

नेवासे तालुका म्हणजे ज्ञानेश्वरीची भूमी. त्या परिसरात सप्ताहाला खंड नाही. कीर्तन दोन तास, कधी त्याहून जास्त चालतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. पूर्वरंग रंगात येतो तोच खटकन् आवाज होतो आणि पलटेपर्यंत अभंगाचं एक चरण निसटतं. व्हीएचएसची ई-१८० कॅसेट सलग तीन तास चालते. लाँग प्लेवर सहा तास, आणि हायफायचा आवाज फिरत्या ड्रमवर अवलंबून असल्यामुळे लाँग प्लेवरही त्यात फारसा फरक पडत नाही.

म्हणून काही जण व्हीसीआर थेट मंडपात नेऊन ठेवत. चित्राची अपेक्षाच नसे. दोन मायक्रोफोन, छोटा मिक्सर, आणि आवाज व्हीसीआरच्या लाइन-इनमध्ये. चांगल्या हायफाय मशीनवर डाव्या-उजव्या आवाजाची पातळी दाखवणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या आणि ती हाताने ठरवायची खिट्टी असायची. दिवे लाल होऊ न देता पातळी एकदा ठरवली की पुढे हात लावायचा नाही.

अशी एक कॅसेट माझ्याकडे आली तेव्हा मी आधी लिनियर लावून पाहिली. कीर्तनकार बोलत होते ते कळत होतं. टाळ म्हणजे नुसती चरचर, मृदंग म्हणजे पाटीवर थाप मारल्यासारखा. मग हायफायवर घेतलं. समोर मधोमध कीर्तनकार. मागे डावीकडून उजवीकडे पसरलेली टाळकऱ्यांची रांग, त्यातला प्रत्येक टाळ वेगळा. उजव्या अंगाला मृदंग, त्याच्या धुमेचा घुमारा छातीला लागणारा. वीणेची तार मागे सतत चालू. 'विठ्ठल विठ्ठल' चा गजर चढत गेला तेव्हा आवाज कुठेही फाटला नाही. कॅसेट आणणारे गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. त्यांचे वडील त्या टाळकऱ्यांत होते. डावीकडून दुसरा टाळ त्यांचा, असं त्यांनी मला सांगितलं. लिनियर ट्रॅकवर कोणताच टाळ दुसरा किंवा तिसरा नव्हता, सगळे एकच चरचर होते.

स्टिरिओची किंमत मला तिथे सर्वांत चांगली समजते. दोन स्पीकर लावून आवाज मोठा करणं म्हणजे स्टिरिओ नव्हे. कोण कुठे बसलं होतं, हे कानाला कळणं म्हणजे स्टिरिओ. एवढं कळलं की त्या रात्रीचा मंडप पुन्हा उभा राहतो.

सिनेमाच्या गाण्याखाली दबलेलं लग्न

आता लग्नाच्या कॅसेटीकडे येतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे झालं आहे आणि सर्वांत जास्त परत मिळवण्यासारखंही तिथेच आहे.

ऐंशीच्या शेवटापासून जिल्ह्यात लग्नाचं शूटिंग सुरू झालं. खांद्यावरचा कॅमेरा, डोळे दिपवणारा हॅलोजन, मागे वायर धरणारा पोरगा. शूटिंग झालं की मिक्सिंग. मिक्सिंगवाल्याकडे दोन मशीन आणि पॅनासोनिकचा एव्हीई-५ सारखा मिक्सर. हृदयाच्या आकारात नवरा-नवरी, उलगडणारी चित्रं, आणि वर सिनेमाची गाणी. गिऱ्हाइकाला गाणी हवीच असत. वरातीला एक, पाठवणीला एक, जेवणाच्या पंगतीला एक.

गाणं चढवायच्या दोन पद्धती होत्या. एकीत दुसऱ्या मशीनवर कॉपी करतानाच मूळ आवाज बंद करून गाणं सोडायचं. अशा कॉपीवर दोन्ही ट्रॅकवर गाणंच असतं. मूळ आवाज हवा असेल तर कॅमेऱ्यातून निघालेली मास्टर कॅसेट शोधावी लागते. दुसऱ्या पद्धतीत आधी चित्र आणि मूळ आवाज दोन्ही जोडून घ्यायचे आणि मग मशीनचं ऑडिओ डब हे बटण वापरून गाणं नंतर चढवायचं.

ऑडिओ डब फक्त काठावरच्या ट्रॅकवर होतं. हायफायचा आवाज चित्राच्या खाली लिहिलेला असल्यामुळे चित्र पुसल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. म्हणजे कॉपी हायफाय मशीनवर झाली असेल आणि गाणं नंतर डब केलं असेल, तर लग्नाचा मूळ आवाज फितीच्या पोटात तसाच असतो. घरच्यांनी साध्या व्हीसीपीवर वर्षानुवर्षं काठावरचं गाणंच ऐकलं. खाली काय आहे, हे कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

शेवगाव भागातल्या एका ताई आपल्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या होत्या. हळदीच्या प्रसंगावर एक गाजलेलं हिंदी गाणं होतं. मी कॅसेट हायफाय मशीनमध्ये घातली आणि समोर हायफायचा दिवा लागला. गाणं गेलं. त्याच्या जागी जात्याची घरघर आणि बायकांच्या ओव्या. त्यातला पुढे जाऊन ओवी उचलणारा आवाज त्यांच्या आईचा होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताईंनी तो भाग मला पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. त्या ओव्या त्यांच्या घरात आता कोणालाच येत नाहीत. त्या फितीवरून त्यांनी त्या लिहून घेतल्या.

हे प्रत्येक कॅसेटीत घडेल, अशी आशा मी कोणाला लावत नाही. जिल्ह्यातल्या बहुतेक कॅसेटी साध्या मशीनवर झालेल्या आहेत आणि त्यांच्यावर एकच आवाज आहे. शिवाय हायफाय मशीन जादू करत नाही. त्याच्यात जे आलं तेवढंच ते जपतं. कॅमेऱ्याचा माइक साधा असेल तर तो साधा आवाज आणखी न बिघडता टिकतो, एवढंच. पण एखाद्या घरात हा दुसरा आवाज असेल आणि तो न ऐकताच कॅसेट फेकली गेली, तर ते नुकसान भरून निघणार नाही.

फितीची तब्येत

कॅसेट कुठून आली हे मला बऱ्याचदा उघडल्याबरोबर कळतं. अकोल्याच्या पश्चिमेकडच्या, भंडारदरा-घाटघरच्या बाजूच्या कॅसेटींना बुरशी असते. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, तिथल्या ओलीने फितीच्या गुंडाळीवर पांढरी जाळी धरते. कर्जत, जामखेड, पाथर्डीच्या कॅसेटींत बुरशी क्वचित, पण बारीक धूळ असते. ती हेडाला घासते. कोरडी हवा फितीला मानवते, धूळ मानवत नाही.

बुरशी असलेली कॅसेट मशीनमध्ये घालून बघू नका. ती फीत खराब करते, मशीन खराब करते आणि त्या मशीनमध्ये नंतर जाणाऱ्या दुसऱ्या कॅसेटीलाही लागते. आधी साफ करून घ्यावी लागते. फीत चुरगळली किंवा तुटली असेल तरी घाबरायचं कारण नाही. नवीन कवचात बसवता येते, तुटली तिथे तेवढ्या क्षणांचं चित्र जातं, बाकी शाबूत राहतं. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, पूर्ण गुंडाळून ठेवा, स्पीकरजवळ किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

हायफायचा आवाज एका बाबतीत नाजूक आहे. ड्रमच्या एका फेऱ्यात दोन हेडं पाळीपाळीने वाचतात, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा सांधा बदलतो. मशीनची रेघ फितीवरच्या रेघेशी नीट जुळली नाही, तर त्या सांध्यांची भुणभुण ऐकू येते. आणखी बिघडलं तर आवाज तुटतो आणि मशीन आपोआप लिनियरवर येतं. अशा वेळी ट्रॅकिंगची खिट्टी चित्र बघून न फिरवता आवाज ऐकून फिरवावी लागते. चित्र उत्तम दिसतं तिथे आवाज भुणभुणतो, आणि आवाज स्वच्छ होतो तिथे चित्राच्या खालच्या काठाला जरा रेघा येतात, असंही होतं. मग मी कॅसेट दोनदा उतरवतो. एकदा चित्रासाठी, एकदा आवाजासाठी, आणि संगणकावर दोन्ही जुळवतो.

उतरवून घेताना

कॅसेट उतरवायला द्याल तेव्हा या गोष्टी स्वतः विचारा.

पहिली, मशीन हायफाय आहे का. पॅनासोनिकचं एनव्ही-एफ ७० किंवा एनव्ही-एफएस २०० यांसारखी मशीन चालू स्थितीत असतील तर उत्तम. कॅसेट लावल्यावर हायफायचा दिवा लागतो का, ते समोर उभं राहून बघा. लागला तर ऑडिओ आउटपुटच्या बटणाने हायफाय आणि नॉर्मल दोन्ही ऐकून घ्या. दोन्हींवर वेगळा आवाज असेल तर दोन्ही वेगवेगळे उतरवून मागा. 'मिक्स' वर ठेवून उतरवू देऊ नका, तिथे गाणं आणि मूळ आवाज एकमेकांत कालवले जातात.

दुसरी, लाल आणि पांढरी, दोन्ही वायरी जोडल्यात का. घाईच्या दुकानात एकच जोडली जाते आणि अर्धा मंडप नाहीसा होतो. अँटेनाच्या वायरीतून कधीच उतरवू नये.

तिसरी, आवाज ४८ किलोहर्ट्झवर, न दाबता साठवा. चित्र पालच्या पूर्ण आकारात, ७२० बाय ५७६. छोटी फाइल फोनसाठी वेगळी करता येते, पण मूळ उतरवलेली मोठी फाइल जपून ठेवा आणि दोन जागी ठेवा.

चौथी, सर्वांत महत्त्वाची. २००० च्या आसपास अनेकांनी कॅसेटीची व्हीसीडी करून घेतली आणि कॅसेट टाकून दिली, किंवा आता टाकायच्या विचारात आहेत. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ इतकं लहान करून दाबलेलं असतं, आवाजही दाबलेला असतो, आणि तो बहुतेक काठावरचा लिनियर आवाज असतो. व्हीसीडी ही कॅसेटीची जागा घेत नाही. कॅसेट असेल तर ती ठेवा. मिक्सिंग केलेल्या कॅसेटीबरोबर कॅमेऱ्याची मास्टर कॅसेट कुठे आहे, याचीही चौकशी करा. शूटिंगवाल्यांच्या घरी अशा मास्टर कॅसेटी पोत्यांनी पडून आहेत. मोकळं बोललं तर बरेच जण आनंदाने शोधून देतात.

शूटिंगचा व्यवसाय केलेल्या माझ्या भावांना एक विनंती. तुमच्या माळ्यावरची पोती भंगारात घालू नका. त्यांवर गावंच्या गावं आहेत. यात्रा, सप्ताह, कारखान्याच्या सभा, शाळेची संमेलनं, लग्नघरच्या ओव्या. आणि तुमच्याकडे हायफाय मशीन बंद पडून असेल तर तेही टाकू नका. एका मशीनचे भाग दुसऱ्याला जीवदान देतात. व्हीसीआर बनवत राहिलेली शेवटची कंपनी म्हणजे जपानची फुनाई, तिनेही जुलै २०१६ अखेर ते बनवणं थांबवलं. त्यानंतर नवीन मशीन नाही, नवीन हेड नाही. आज जी मशीन चालू आहेत, त्यांच्या हेडांवर जेवढे तास शिल्लक आहेत, तेवढेच तास आपल्या हातात आहेत.

म्हणून ही दिवाळी किंवा ही उन्हाळ्याची सुट्टी दवडू नका. कपाटातली कॅसेट काढा, बुरशी आहे का बघा, हायफाय मशीन असलेल्या माणसाकडे न्या, आणि चित्र बघण्याआधी आवाज ऐकून घ्या.